मुक्तांगणच्या डॉ. अनिता अवचट



दारू सोडण्याची शपथ घ्यायला वेदीपुढे पुष्कळजण येतात. काहीजण चौथ्या दिवशी थरथरत्या हातांनी पुन्हा पितात आणि आपण त्यांना ढोंगी ठरवतो. अशा माणसांत रुग्ण पाहणाऱ्या एका बाईंविषयी आज लिहितो.

अनिताबाई पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात शिकल्या. तिथेच भेटलेल्या अनिल अवचटांशी त्यांनी लग्न केले. पतीने लेखन आणि समाजकार्य करावे, घर आपल्या पगारावर चालवू, असे ठरवले. (आपल्याकडे किती घरांत हे चालेल?) येरवड्याच्या मनोरुग्णालयात त्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या. गर्दच्या व्यसनावरील पतीचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी त्याच रुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झाले. रोजचा भार अनिताबाईंनी उचलला. पुढे दारूचे रुग्णही मोठ्या संख्येने येऊ लागले.

व्यसनमुक्तीचे केंद्र मनोरुग्णालयाच्या आवारात, हे मला फार महत्त्वाचे वाटते. पुष्कळांच्या मनात आधीपासूनच भीती असते. घोटभर दारूने छातीची धडधड थांबते. उतरली की तीच चिंता दुपटीने परतते, मग पुन्हा घोट. चिंतेमुळे दारू की दारूमुळे चिंता, यावर आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात दिवसभर वाद घातला असता. डॉक्टर दोन्हींवर उपचार करतात. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर झटके येतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो; म्हणून पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीत काढावे लागतात. काही आठवड्यांनंतरही चिंता उरली, तर समुपदेशन आणि गरजेप्रमाणे सवय न लावणारी औषधे देतात. मेडिकलमधून आपल्या मनाने झोपेच्या गोळ्या आणू नयेत. त्यांचीही सवय लागते, आणि दारूबरोबर घेतल्यास श्वास थांबू शकतो.

अनिताबाईंना कर्करोग झाला. आजारातही त्या रुग्णांमध्ये राहिल्या. १९९७ साली त्यांचे निधन झाले. पुढे कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी काम सांभाळले.

देगलूरहून पुणे लांब आहे. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे. १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर मराठीत मोफत सल्ला मिळतो. शपथेसाठी कुणाला माझ्याकडे आणायचे असेल, तर घरच्यांनी आधी तिथे विचारावे. शपथ मी नंतर देईन.