ट्रफल काही उगवली नाही, पण जंगल कसं जेवतं ते कळलं!

कृषी सेवा केंद्रात गेलात तर 'मायकोरायझा' असं छापलेली पाकिटं दिसतील. हे नाव १८८५ साली एका जर्मन प्राध्यापकांनी ठेवलं. खरं तर तेव्हा ते शोधत होते भलतंच काहीतरी.

आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक त्यांचं नाव. जन्म १८३९ चा, ड्रेस्डेनचा. शिक्षण लायपझिगला झालं आणि १८८१ पासून ते बर्लिनच्या शेतकी महाविद्यालयात शिकवू लागले.

तिथे प्रशियाच्या शेती आणि वनखात्याकडून काम आलं, ट्रफलची लागवड करता येते का बघा. ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी, सोन्याच्या भावाने विकली जाणारी अळंबी. ती ओक, बीचसारख्या झाडांखालीच का सापडते? फ्रँक यांनी मुळं उकरून बघायला घेतली.

बारीक मुळांची टोकं बुरशीने मोजा घातल्यासारखी झाकलेली होती. एखाद्या आजारी झाडाची नव्हे, ठिकठिकाणच्या धडधाकट झाडांची! मुळाला मातीचा स्पर्शच होत नसेल, तर झाड जेवतं कसं? फ्रँक यांचं उत्तर असं की बुरशीच मातीतून पाणी आणि अन्नद्रव्यं घेते आणि दूध पाजणाऱ्या दाईसारखी झाडाला भरवते. बुरशी आणि मूळ यांच्या ग्रीक नावांची जोडी करून त्यांनी मायकोरायझा हा शब्द बनवला.

लोकांना ते पटेना. बुरशी म्हणजे रोग, हे तेव्हाचं ठाम मत. म्युनिकचे रॉबर्ट हार्टिग हे वृक्षरोगांमधलं मोठं नाव, तेही विरोधात गेले. मग फ्रँक यांनी जंगलातली माती घेतली. काही कुंड्यांतली माती तापवून त्यातली बुरशी मारली, बाकीची तशीच ठेवली आणि दोन्हींत पाइनची रोपं लावली. तापवलेल्या मातीतली रोपं खुरटली, दुसरी जोमाने वाढली.

फ्रँक दरवेळी बरोबर होते असं मात्र नाही. डाळवर्गी पिकांच्या गाठींतल्या जिवाणूला रायझोबियम हे नाव त्यांनीच दिलं, पण हवेतला नायट्रोजन सगळ्याच वनस्पती वापरू शकतात असं ते धरून बसले. तो वाद ते हरले. ट्रफलची लागवडही साधली नाही. १९०० मध्ये बर्लिनमध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा मायकोरायझावर शंका घेणारे बरेच होते.

त्यांच्या कल्पनेचं मोल सगळ्यात जास्त दिसतं ते त्यांच्या बर्लिनपासून फार दूर, उष्ण प्रदेशातल्या वर्षावनांत. ॲमेझॉनचं जंगल एवढं घनदाट, पण खालची बरीचशी माती जुनी, पावसाने धुऊन निघालेली आणि फॉस्फरसला महाग. मग झाडं वाढतात कशावर? पडलेल्या पानांवर. उष्ण, दमट हवेत जिवाणू आणि बुरशी पाचोळा झपाट्याने कुजवतात. त्यातून सुटलेली अन्नद्रव्यं पावसाने वाहून जायच्या आत मायकोरायझाचे तंतू उचलतात आणि मुळांत पोचवतात. इथल्या बहुतेक झाडांत ही बुरशी मोजा घालत नाही, थेट मुळाच्या पेशींत शिरते. हा प्रकार वेगळा असल्याचं फ्रँक यांनीही नोंदवलं होतं.

म्हणूनच असं जंगल जाळून शेती केली की राखेवर दोन-तीन पिकं बरी येतात, नंतर जमीन हात वर करते. साठा मातीत नव्हताच, तो झाडांत आणि पाचोळ्यात फिरत होता.

फ्रँक यांच्या कुंडीतल्या प्रयोगाची मोठी आवृत्ती पुढे उष्ण प्रदेशातच घडली. प्वेर्तो रिको बेटावर पाइन लावायचे प्रयत्न वर्षानुवर्षं फसत होते, रोपं पिवळी पडून मरत. पाइनला लागणारी बुरशी तिथल्या मातीत नव्हतीच. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या पाइनच्या जंगलातली माती आणून रोपांच्या मुळाशी घातली, आणि तीच रोपं हिरवी होऊन उंच वाढू लागली.