फुलांचे वेळापत्रक आखणारा माळी : गुस्ताव क्रुम्बिगल

आमचा जोयडा तालुका म्हणजे सगळे रानच. पूर्वी ह्याच तालुक्याला सुपा म्हणत, कारण कचेरी सुप्याला होती. अशा मुलखातल्या माणसाने बंगळूरच्या बागा फुलविणाऱ्या एका जर्मन माळ्याचे चरित्र लिहावे, हे कुणाला चमत्कारिक वाटेल. त्याचे कारण सांगतो.

काळी आणि पांढरी ह्या नद्यांच्या संगमावरचे सुपा गाव धरणाच्या पाण्यात गेले. गणेशगुडीचे १०१ मीटर उंचीचे हे धरण १९८७ साली पुरे झाले. कचेरी जोयड्याला गेली आणि पुष्कळ कुटुंबे रामनगरला वसली. जुन्या गावात झाड आधीचे असते आणि घर त्याच्या आडोशाने उभे राहते. वसविलेल्या गावात आधी घरे येतात, मग सावलीची वाट पाहावी लागते. वस्तीत मागाहून झाडे कशी आणावीत, ह्याचा ज्याने जन्मभर विचार केला, त्या माणसाबद्दल मला म्हणूनच ओढ वाटते.

गुस्ताव हेर्मान क्रुम्बिगल ह्यांचा जन्म १८६५ साली जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या लोहमेन गावी झाला. उद्यानविद्येचे शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षे जर्मनीतच काम केले. १८८८ साली ते इंग्लंडला गेले. लंडनच्या हाइड पार्कमध्ये त्यांनी फुलांचे वाफे आखले आणि पुढे क्यू येथील जगप्रसिद्ध वनस्पतिउद्यानात ते रुजू झाले. तेथून १८९३ साली ते बडोदा संस्थानच्या बागा सांभाळण्यासाठी हिंदुस्थानात आले. त्या वेळी बडोद्याच्या गादीवर सयाजीराव गायकवाड होते. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेल्या ह्या राजाला विद्येची आणि गुणी माणसांची पारख होती. मराठी वाचकांनी क्रुम्बिगलना आपले मानावे, ते ह्या नात्याने.

१९०८ साली म्हैसूरचे चौथे कृष्णराज वडियार ह्यांच्या राज्यात लालबागेची सूत्रे त्यांच्या हाती आली. हैदर अलीने १७६० साली सुरू केलेली ही बाग. क्रुम्बिगलनी ती वाढविली, पण ते कुंपणाच्या आत थांबले नाहीत. शहराचे रस्ते हीच त्यांची खरी बाग झाली. कोणते झाड कोणत्या महिन्यात फुलते हे ध्यानात घेऊन त्यांनी लागवडीचा असा क्रम धरला, की एकाचा बहर ओसरावा आणि दुसऱ्याचा सुरू व्हावा. थंडी सरताना टॅबेबुया, त्यामागून जांभळा नीलमोहर, भर उन्हाळ्यात गुलमोहर आणि सोनमोहर. ही झाडे दूरदेशची, गुलमोहर तर मादागास्करचा. पण बंगळूरच्या मातीने ती आपली म्हटली. हीच परंपरा पुढे जवरय्या आणि मरिगौडा ह्यांनी चालविली.

ह्या कामाचे मर्म भूमीच्या परीक्षेत आहे. सैबेरियातल्या याकुत्स्क शहराखालची जमीन बारमाही गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा थोडासा थर काय तो विरघळतो. तेथे मूळ खोल जाऊ शकत नाही, ते आडवेच पसरते. तेथल्या माळ्याला गुलमोहर सुचून भागत नाही. थंडी सोसणारा लार्चच त्याला जवळ करावा लागतो. प्रत्येक गावाने आपल्या मातीला विचारून झाड निवडावे, हा धडा दोन्हीकडे सारखाच.

दिवाण मिर्झा इस्माईल ह्यांच्या काळात कृष्णराजसागर धरणाच्या पायथ्याशी वृंदावन उद्यान झाले. त्याच्या रचनेतही क्रुम्बिगल ह्यांचा वाटा होता. १९३२ साली ते निवृत्त झाले, पण बंगळूर सोडून गेले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात केवळ जर्मन म्हणून त्यांना स्थानबद्ध व्हावे लागले. ज्या शहराला त्यांनी सावली दिली, त्याच शहरात ते शत्रू ठरले! तरीही सुटकेनंतर त्यांनी तेथेच राहणे पसंत केले. १९५६ साली, नव्वदीत, त्यांचे बंगळुरातच निधन झाले. लालबागेजवळच्या एका रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

बंगळूरच्या रस्त्यांवरची कितीतरी जुनी झाडे रुंदीकरणात पडली. रस्ता रुंद करायला काही दिवस पुरतात, झाड वाढायला माणसाचे अर्धे आयुष्य लागते. म्हणूनच क्रुम्बिगल ह्यांच्यासारख्याचे चरित्र नुसते वाचून मिटण्याजोगे नाही. आपल्या नव्या वस्त्यांना परदेशी झाडांची गरज नाही. बहावा, तामण, पळस, पांगारा आपल्याच रानात फुलतात, आणि त्यांचे महिने आपल्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ आहेत. त्यांना विचारून आपल्या रस्त्यांचे वेळापत्रक आपणच आखायला हवे. रोप लावणाऱ्याला सावली मिळेलच असे नाही. पण जो कुणी पुढे त्या वाटेने जाईल, त्याला उन्हात चालावे लागणार नाही.