लॉरेन्स ऑलिव्हिए

सर लॉरेन्स ऑलिव्हिए (२२ मे, १९०७ - ११ जुलै, १९८९) हे इंग्लिश अभिनेते व दिग्दर्शक होते. इंग्लंडमधील डॉर्किंग येथे त्यांचा जन्म झाला. हॅम्लेट (१९४८) या त्यांनीच दिग्दर्शित केलेल्या चित्रपटातील प्रमुख भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला. १९६३ ते १९७३ या काळात ते लंडनच्या नॅशनल थिएटरचे पहिले संचालक होते.

आजारपण

शारीरिक चपळता व दमदार आवाज ही ऑलिव्हिए यांच्या अभिनयाची बलस्थाने होती. १९७४ साली त्यांना डर्मॅटोमायोसायटिस हा विकार जडला. या विकारात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच स्नायूंवर व त्वचेवर हल्ला करते. स्नायू दुर्बल होतात व साध्या हालचालीही कठीण होतात. आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या काही व्यक्तींमध्ये विषाणुसंसर्ग या विकारास निमित्त ठरत असावा, असे मानले जाते. ऑलिव्हिए मरणाच्या दारातून परतले. मात्र पूर्वीचे बळ त्यांना पुन्हा लाभले नाही. मार्च १९७४ मधील द पार्टी या नाटकाचा प्रयोग त्यांची अखेरची रंगभूमीवरील भूमिका ठरला.

उत्तरायुष्य

यानंतर ते चित्रपट व दूरचित्रवाणीकडे वळले. मॅरेथॉन मॅन (१९७६) मधील खलनायक व दूरचित्रवाणीवरील किंग लिअर (१९८३) या त्यांच्या गाजलेल्या भूमिका होत. नॅशनल थिएटरच्या नव्या वास्तूतील सर्वांत मोठ्या नाट्यगृहास त्यांचे नाव देण्यात आले. १९७६ मधील उद्घाटनाच्या वेळचे स्वागतपर भाषण वगळता त्या रंगमंचावर ते कधीच उभे राहिले नाहीत.