सोन्याने दात भरणारे डॉ. ब्लॅक

सोन्याचा दात म्हटले की सौंदडसारख्या गावातही श्रीमंतीची आठवण होते. दंतवैद्यकात मात्र सोने आले ते मिरवण्यासाठी नव्हे, किडलेला दात वाचवण्यासाठी. त्या कामाला शास्त्राची बैठक देणाऱ्यांत ग्रीन वार्डिमन ब्लॅक यांचे नाव अग्रभागी आहे.

ब्लॅक यांचा जन्म १८३६ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, शेतकरी कुटुंबात झाला. शाळेत ते फारसे रमले नाहीत. सतराव्या वर्षी ते डॉक्टर असलेल्या थोरल्या भावाकडे वैद्यक शिकू लागले. १८५७ मध्ये एका दंतवैद्याच्या हाताखाली काही महिने काम केले आणि स्वतःचा दवाखाना थाटला. यादवी युद्धात सैन्यात सेवा बजावून ते जॅक्सनव्हिल गावी स्थायिक झाले. रसायनशास्त्र आणि सूक्ष्मदर्शकाचा अभ्यास त्यांनी स्वतःच केला. पायाने फिरवायचे दात कोरण्याचे यंत्रही तयार केले.

त्या काळी दाताची कीड कोरून खड्ड्यात सोन्याचा वर्ख ठासत. हा वर्ख मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. दागिन्याचे तुकडे सांधायला सोनार ते तापवतो, पण शुद्ध सोन्याचे दोन स्वच्छ पापुद्रे तोंडातल्या तोंडात, नुसत्या दाबाने एकजीव होतात. हा गुण रॉबर्ट आर्थर यांनी १८५५ मध्ये दंतवैद्यांपुढे मांडला होता. लोखंड, तांबे यांवर हवेतील ऑक्सिजनमुळे पातळ थर चढतो, म्हणून ते असे चिकटत नाहीत. सोन्यावर हवेचा वा लाळेचा परिणाम होत नाही. त्याला विरघळवायला अम्लराजासारखे जहाल मिश्रण लागते.

तरीही कधी वर्ख चिकटे, कधी नाही. भरलेले सोने सुटले की दात पुन्हा किडे. हवेतील वायू सोन्याच्या पृष्ठभागावर बसतात आणि चिकटण्यात आडवे येतात, हे ब्लॅक यांनी प्रयोगांनी दाखवले. उपायही दिला. वर्खावर आधी अमोनियाचा थर बसू द्यायचा, म्हणजे इतर घातक वायूंना जागा उरत नाही. वापरण्याच्या वेळी वर्ख तापवला की अमोनिया उडून जातो आणि सोने पुन्हा चिकट होते.

पण सोने सर्वांना परवडणारे नव्हते. ब्लॅक यांनी चांदी, कथील आणि पाऱ्याच्या स्वस्त मिश्रणावरही प्रयोग केले. आकुंचन-प्रसरण कमीत कमी होईल असे प्रमाण त्यांनी १८९५ च्या सुमारास ठरवले. गरिबाचा दातही टिकाऊपणे भरता येऊ लागला. १८९७ पासून अखेरपर्यंत ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या दंत महाविद्यालयाचे अधिष्ठाता होते. किडीचे त्यांनी केलेले वर्गीकरण नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयातील विद्यार्थीही शिकतात.

१९०९ पासून ब्लॅक यांनी फ्रेडरिक मॅके यांच्यासह कोलोरॅडोतील लोकांच्या दातांवरील तपकिरी डागांचा शोध घेतला. ३१ ऑगस्ट १९१५ रोजी ब्लॅक यांचे निधन झाले, तेव्हा डागांचे कारण सापडले नव्हते. पिण्याच्या पाण्यातील जादा फ्लोराइड हे ते कारण १९३१ मध्ये उघड झाले. विदर्भात चंद्रपूर, यवतमाळच्या काही गावांत आजही हाच प्रश्न आहे.

आता सोन्याचा वर्ख क्वचितच भरतात. सोन्याची टोपी बसवायची तर तांबे, चांदी, पॅलेडियम किंवा प्लॅटिनम मिसळलेला, चावण्याचा ताण सोसणारा मिश्रधातू वापरतात. म्हणून हौसेखातर चांगल्या दातावर कुणाकडूनही सोन्याचे पान चढवून घेऊ नये. नीट न बसलेल्या टोपीखाली अन्न अडकते, हिरडी सुजते आणि दात आतून किडतो. सोने किडत नाही, पण त्याखालचा दात किडतो. दात दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्याकडे गेल्यास भरण्याजोगी कीड लहान असतानाच सापडते.