काचेपलीकडचा गायक

संध्याकाळी चिंचणीच्या बीचवर चक्कर मारा. सुरूच्या झाडांखाली बसलेल्या एखाद्या ग्रुपमध्ये तो काळा टी-शर्ट हमखास सापडेल. मधोमध त्रिकोण, एका बाजूने पांढरा किरण आत शिरतोय आणि दुसऱ्या बाजूने सप्तरंग बाहेर पडतायत. कदाचित तुमच्याही कपाटात असेल. पण त्या त्रिकोणाचं आपल्या मुंबईतल्या एका मराठी गायकाशी नातं आहे, हे माहितेय का तुम्हाला?

ते नातं थोडं लांबचं आहे. हा त्रिकोण म्हणजे पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून' या १९७३ च्या अल्बमचं कव्हर. तो ज्या लेबलवर निघाला त्याचं नाव 'हार्वेस्ट'. लंडनच्या ईएमआय या बड्या रेकॉर्ड कंपनीने १९६९ मध्ये हे लेबल सुरू केलं. त्या वेळी रॉकवाल्या पोरांना तीन मिनिटांचं गाणं अपुरं वाटायला लागलं होतं. त्यांना लांबलचक रचना हव्या होत्या, अख्ख्या अल्बममधून एक कल्पना मांडायची होती. यालाच पुढे 'प्रोग्रेसिव्ह रॉक' म्हणायला लागले. हार्वेस्टने त्यांना जागा दिली. पिंक फ्लॉइडच्या १९७० च्या अल्बममध्ये तर एकाच रचनेने रेकॉर्डची पूर्ण बाजू व्यापली आहे, २३ मिनिटांहून जास्त!

याच ईएमआयची भारतातली शाखा म्हणजे ग्रामोफोन कंपनी, कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याची एचएमव्ही. आणि हार्वेस्ट सुरू व्हायच्या दोन वर्षं आधी, १९६७ मध्ये, एचएमव्हीने एक अशी रेकॉर्ड काढली, जिच्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच गोष्ट होती. त्या रेकॉर्डचे निर्माते होते जी. एन. जोशी.

एलएल.बी. आणि गाणं

जोशींचा जन्म १९०९ चा. शिक्षण बी.ए., एलएल.बी. म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने पोरगा मार्गी लागलेला. पण गळा गोड होता आणि गाणं सुटत नव्हतं. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता तेव्हा गाजत होती. तीसच्या दशकाच्या सुरुवातीला जोशींनी ती गायली, तिची रेकॉर्ड निघाली आणि घराघरात पोचली. कवीची कविता साध्या, भावपूर्ण चालीत गायची आणि रेकॉर्डवर आणायची, ही वाट मराठीत तेव्हा नवी होती. भावगीताचा इतिहास सांगताना आजही जोशींचं नाव अगदी सुरुवातीला येतं. पुढे खयालगायिका म्हणून मोठ्या झालेल्या गंगूबाई हनगल तेव्हा 'गांधारी' या नावाने रेकॉर्ड देत. त्यांनीही जोशींबरोबर मराठी द्वंद्वगीतं गायली.

आता तुम्ही म्हणाल, मग स्टार झाला असेल हा माणूस! झाले होतेच. पण १९३८ च्या सुमारास त्यांनी वेगळीच खुर्ची निवडली. ते एचएमव्हीत नोकरीला लागले, कलाकारांना रेकॉर्डिंगसाठी आणायचं काम करायला. मायक्रोफोनसमोर उभा राहणारा माणूस स्टुडिओतल्या काचेच्या पलीकडे जाऊन बसला.

तीन मिनिटांचा तुरुंग

ती नोकरी काय होती, हे समजायला त्या काळची तबकडी समजून घ्यायला हवी. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. मैफलीत एक राग तास-तासभर फुलवणाऱ्या खाँसाहेबांना किंवा बाईंना सांगायचं, की तुमचा यमन तीन मिनिटांत बसवा. बरं, रेकॉर्डिंग व्हायचं मेणाच्या तबकडीवर. एकदा सुई टेकली की थांबणं नाही, कापाकापी नाही. शेवटच्या तानेत ठसका लागला तरी पुन्हा पहिल्यापासून गायचं. कित्येक मोठे कलाकार या प्रकाराला वैतागायचे, आणि त्यांचं चुकत नव्हतं.

तिथे जोशींचा गळा कामाला आला. समोरच्या कलाकाराच्या पोटात काय कालवाकालव चाललीय, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. ते स्वतः त्यातून गेले होते.

मग टेप आली आणि पाठोपाठ लाँगप्ले. एका बाजूला वीस-बावीस मिनिटं! १९६० मध्ये उस्ताद अमीर खाँ यांची एचएमव्हीची लाँगप्ले निघाली, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. रागाला श्वास घ्यायला जागा मिळाली. लंडनच्या रॉकवाल्यांना पुढे जी भूक लागली, ती आपल्या गवयांना पहिल्या तबकडीपासूनच होती.

मेंढपाळाचा एक दिवस

आता १९६७. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा. तिघंही तिशीच्या आतबाहेर, म्हणजे तुमच्यापेक्षा फार मोठे नाहीत. संतूर हे काश्मीरचं वाद्य, त्यावर मींड येत नाही, मग त्यावर राग कसा वाजणार, असं जाणकार म्हणत. गिटार तर परदेशी. काब्रा ती आडवी ठेवून वाजवायचे. पन्नालाल घोषांमुळे बासरीला मैफलीत मान मिळाला होता, पण ते जाऊनही सात वर्षं झाली होती.

या तिघांना एकत्र आणून जी रेकॉर्ड झाली तिचं नाव 'कॉल ऑफ द व्हॅली'. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, इतकीच गोष्ट. पहाटे अहिर भैरव, मग नट भैरव, पिलू. दिवस कलल्यावर भूप, रात्री देस आणि शेवटी पहाडी. तबल्यावर माणिकराव पोपटकर. एकही शब्द नाही. राग वेळेप्रमाणे गायचे असतात, हा आपला जुनाच नियम. इथे त्या नियमाचीच पटकथा झाली.

हे फसू शकलं असतं. एका रेकॉर्डमध्ये इतके राग म्हणजे पोरखेळ, असं कुणी म्हटलं असतं, आणि माल गोदामात पडून राहिला असता तर जाब जोशींनाच द्यावा लागला असता. वय होतं ५८. या वयात नोकरदार माणूस रिटायरमेंटचा विचार करतो. यांनी तीन तरुणांवर पैज लावली. ती रेकॉर्ड जगभर गेली. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनसारखे कलाकार तिचे चाहते झाले. आज ती तुमच्या फोनवरही आहे. पुढच्या वेळी चिंचणीहून वाणगावला जाताना लावा, सुरुवातीपासून, शफल बंद करून.

जोशींनी नंतर 'स्वरगंगेच्या तीरी' या पुस्तकात कलाकारांच्या आठवणी लिहिल्या. १९९४ मध्ये ते गेले.

आता खुर्चीवर तुम्ही

पण या गोष्टीला एक बोचरी बाजूही आहे. काचेपलीकडच्या माणसाने ज्याला बोलावलं, तो उरला. ज्याला बोलावणं गेलं नाही, त्याचा आवाज त्याच्याबरोबरच संपला. कंपनीला विकलं जाणारं हवं असतं, आणि सगळंच काही विकलं जात नाही.

आपल्या डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर सुगीनंतर तारपा घुमतो. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांचं ते वाद्य, मधे वादक आणि त्याच्याभोवती नाचणारा फेर. तो नाच रात्रभर चालतो. तीन मिनिटांत काय, वीस मिनिटांतही मावत नाही. तुमच्या वर्गात एखादा तरी असेल, ज्याचे आजोबा तारपा वाजवतात. तुमच्या खिशातल्या फोनला ना मेण लागतं ना कंपनीची परवानगी.

आजोबांची परवानगी मात्र घ्या. तीस सेकंदांची रील कापू नका. त्यांना थांबावंसं वाटेल तेव्हाच थांबू द्या. आणि खाली त्यांचं नाव लिहायला विसरू नका.