बाबूराव पेंटर

बाबूराव कृष्णराव मेस्त्री ऊर्फ कलामहर्षी बाबूराव पेंटर (३ जून १८९० – १६ जानेवारी १९५४) हे कोल्हापूरचे चित्रकार, शिल्पकार आणि मूकपटांच्या काळातील अग्रगण्य चित्रपट-दिग्दर्शक होते. दालनभर आरसे व दिवे योजून प्रेक्षकाला चित्राच्या आत नेणारी मांडणशिल्पे आज जगभर पाहावयास मिळतात. प्रेक्षकाला असे वेढून टाकण्याचा ध्यास बाबूरावांनी आधी नाटकाच्या आणि मग चित्रपटाच्या पडद्यावर धरला होता.

कारागिरीची परंपरा असलेल्या घरात ते वाढले. कलाशाळेचे रीतसर शिक्षण त्यांना लाभले नाही. चुलतबंधू आनंदराव यांच्यासह त्यांनी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले आणि पेंटर हेच दोघांचे आडनाव होऊन बसले.

राजा हरिश्चंद्र पाहिल्यानंतर दोघांनीही चित्रपट काढण्याचे ठरवले. परदेशी कॅमेरा घेणे ऐपतीबाहेरचे होते. म्हणून तो घरीच घडवण्याचा खटाटोप सुरू झाला. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाले. अपुरा राहिलेला कॅमेरा बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने १९१८ मध्ये पूर्ण केला. गायिका तानीबाई कागलकर यांच्या अर्थसाहाय्यावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिचा पहिला चित्रपट सैरंध्री १९२० मध्ये पुण्यात झळकला. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या होत्या, हे त्या काळी मोठेच धाडस होते. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना सिनेमा केसरी ही पदवी दिली.

त्या वेळी सूर्य हाच चित्रीकरणाचा दिवा होता. रात्र दाखवायची तर दिवसा चित्रण करून फीत निळी रंगवीत. सिंहगड (१९२३) या चित्रपटात तानाजीची रात्रीची चढाई दाखवण्यासाठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश योजला. भारतीय चित्रपटातील हा अगदी आरंभीचा प्रयोग होय. रंगवलेल्या सपाट पडद्यांऐवजी त्यांनी लांबी-रुंदी-खोली असलेले भक्कम देखावे उभारले. पात्रांची छाया खऱ्या भिंतीवर पडू लागली. नेपथ्याचे रेखाटन, वेशभूषा, जाहिरातीची भित्तिचित्रे, सारे ते स्वतः काढीत.

नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील सावकारी पाश (१९२५) हा त्यांचा सर्वांत मोलाचा चित्रपट मानावा लागेल. कर्जापायी जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याची ती कहाणी. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. पौराणिक चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांनी मात्र त्याकडे पाठ फिरवली.

१९२९ मध्ये दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर यांनी बाहेर पडून प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. हाताखाली घडलेली माणसे अशी एकदम गेल्याने कंपनी खिळखिळी झाली आणि पुढे बाबूरावांनीही ती सोडली. बोलपटांच्या काळात त्यांनी उषा (१९३५), सावकारी पाशची बोलकी आवृत्ती (१९३६) आणि प्रतिभा (१९३७) हे चित्रपट दिग्दर्शित केले. पण पूर्वीचा जम पुन्हा बसला नाही. उत्तरायुष्यात ते चित्र व शिल्प यांकडे परतले.

त्यांचे बहुतेक मूकपट नष्ट झाले असून सावकारी पाशची मूळ मूक आवृत्तीही आज उपलब्ध नाही.