दामोदर धर्मानंद कोसंबी : नाणे, वस्त्र आणि वाट

नाशिकची पांडवलेणी आपण पाहिली असतील. तेथील 10 क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत एक प्राकृत लेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी 3,000 कार्षापणांची कायम ठेव ठेवल्याची त्यात नोंद आहे. ही ठेव विहारात नव्हे, तर गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे ठेवली गेली. त्यांपैकी 2,000 वर दरमहा शेकडा एक व्याज ठरले. त्यातून वर्षावासातील 20 भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी 12 कार्षापण मिळावयाचे होते. हिशेब आपणच करून पाहा : 2,000 वरील वर्षाचे व्याज 240, आणि 20 जणांचे प्रत्येकी 12 धरून तेही 240. राजाच्या पराक्रमापेक्षा असा चोख हिशेबच समाजाविषयी अधिक सांगतो, ही दृष्टी ज्यांनी भारतीय इतिहासलेखनात रुजविली, ते कोसंबी व्यवसायाने गणिताचे प्राध्यापक होते.

त्यांचा जन्म 31 जुलै 1907 रोजी गोव्यातील कोसबेन येथे झाला. वडील धर्मानंद हे पालीचे व बौद्ध धर्माचे थोर अभ्यासक. त्यांच्याबरोबर बालवयातच अमेरिकेस गेलेल्या दामोदरांनी 1929 मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेतली. पुढे बनारस, अलीगढ व पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय येथे त्यांनी अध्यापन केले.

ते इतिहासाकडे वळले तेही वेगळ्या वाटेने. संख्याशास्त्र शिकावयाचे तर एखादा खरा प्रश्न हाती घ्यावा, या विचाराने त्यांनी आहत नाणी निवडली. या चांदीच्या तुकड्यांवर ठसे असतात. राजाचे नाव नसते, वर्षही नसते. मग त्यांचा क्रम लावावयाचा कसा? कोसंबींनी तक्षशिलेच्या संचयांतील नाणी तराजूत घातली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. जितके अधिक फिरले, तितके त्याचे सरासरी वजन घटते आणि नाण्यानाण्यांतील फरक वाढतो. मागील बाजूवरचे बारीक ठसे वाढत जातात तसे वजन कमी होत जाते, हेही त्यांच्या ध्यानात आले. तपासणीच्या वेळी उमटविलेल्या त्या खुणा असाव्यात, असे त्यांनी मानले. हा तर्क पडताळण्यासाठी त्यांनी चलनातली आधुनिक नाणी हजारोंनी, एकेक करून, तोलली! केवढे चिवट आणि कंटाळवाणे काम! मूक नाण्याला अशी साक्ष द्यावयास लावणे, ही त्यांची मोठी देणगी होय. त्यांचे सर्वच निष्कर्ष नाणेतज्ज्ञांनी मान्य केले नाहीत, हेही आपण लक्षात ठेवावे.

1945 नंतर ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे संशोधन करू लागले. पुण्याहून डेक्कन क्वीनने जाणेयेणे चाले आणि मोकळा वेळ सह्याद्रीच्या पायवाटांवर जाई. लेणी एकांतासाठी आडरानात खोदली, ही समजूत त्यांना पटेना. कार्ले-भाजे बोरघाटाच्या वाटेवर, जुन्नर नाणेघाटाच्या तोंडाशी आणि नाशिक थळघाटाच्या मार्गावर. सोपारा-कल्याणकडे जाणारे तांडे याच वाटांनी उतरत. विहार हे व्यापाराचे गिऱ्हाईक होते, साठवणीचे ठिकाण होते आणि भांडवल पुरविणारेही होते, असे त्यांनी प्रतिपादिले. या दृष्टीने पाहिले की उषवदाताची ठेव नुसते दान राहत नाही. कोष्ट्याच्या मागाला त्यातून भांडवल मिळते. तांडे कमी झाले आणि गावे स्वयंपूर्ण होऊ लागली, तेव्हा विहारांचाही आधार सुटला, हे त्यांच्या विचाराचे पुढचे पाऊल होय.

ही मांडणी 1956 च्या त्यांच्या इंग्रजी इतिहासग्रंथात विस्ताराने आली. मार्क्सची पद्धती त्यांनी पत्करली. मात्र युरोपच्या इतिहासाचे टप्पे भारतावर जसेच्या तसे बसविण्यास त्यांनी नकार दिला. स्वभाव तिखट, लेखणी त्याहून तिखट. 1962 मध्ये टाटा संस्थेतील नोकरी सुटली, तरी भटकंती व लेखन थांबले नाही. 29 जून 1966 रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. वय 58 होते.

नाशिक जिल्ह्यातीलच जोगलटेंभी येथे 1906 मध्ये नहपानाची 13,000 हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. पुढील घटकाकडे वळण्यापूर्वी, कोसंबींनी या साठ्याला कोणते प्रश्न विचारले असते, हे आपल्या वहीत लिहून पाहा.